सुकरीचा अर्धा तांब्या

मित्रांनो, मी एक जुना पर्जन्यमापक आहे. पाऊस मोजण्याचं भांडं म्हणा हवं तर. वर नरसाळं आणि पोटात बाटली, एवढाच माझा संसार. आता मी सूर्यमाळच्या शाळेत मोडक्या बाकांखाली पडून असतो. नरसाळ्यात कोळ्याने घर केलं आहे.

१९९२ साली मला शाळेच्या पटांगणात सिमेंटच्या ओट्यावर बसवलं. रोज सकाळी साडेआठला वामनगुरुजी यायचे, बाटलीतलं पाणी मोजायचे आणि वहीत आकडा लिहायचे. "आपलं भांडं कधी खोटं बोलत नाही," असं ते मुलांना सांगायचे. ते ऐकून मी नुसता फुगायचो.

आमच्या डोंगरावर पाऊस धो धो पडतो, पण पाणी थांबत नाही. उन्हाळ्यात टँकर विहिरीत पाणी ओततो आणि बाया ते शेंदून नेतात. दहा-अकरा वर्षांनी असं साल आलं की जून सरला तरी आभाळ कोरडंच. ढग यायचे आणि पुढे निघून जायचे. राबावरची, म्हणजे भाजून तयार केलेल्या वाफ्यातली, भाताची रोपं पिवळी पडली. गुरुजी रोज शून्य लिहायचे आणि तोंड पाडून परतायचे. शाळेशेजारची म्हातारी सुकरी हे रोज पाहायची.

मग बातमी आली, की विमानातून पाऊस पाडणार. ढगात मिठाची बारीक पूड सोडली की तिच्याभोवती थेंब धरतात, असं गुरुजींनी समजावलं. गावातल्या नवसूला ते पटलं नाही. "इमान आमचं ढग हाकलून घाटावर नेतंय. ढग कुनाचा, ते कोन ठरवनार?" गुरुजींनी कायद्याची पुस्तकं चाळली. ढगांचा मालक त्यांना कुठे सापडला नाही.

विमान घरघरत येऊन गेलं. थेंबही पडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सुकरी भरलेली घागर घेऊन माझ्यापाशी थांबली. तिने अर्धा तांब्या पाणी माझ्यात ओतलं आणि हात जोडले. "पी देवा. तूच उपाशी, मंग पानी कसा येल?"

नवं धान्य देवाला दाखवल्याशिवाय तोंडात न घालणारी माणसं ती. मला तो गारवा फार बरा वाटला, हे कबूल करतो.

गुरुजी त्या दिवशी जव्हारला प्रशिक्षणाला गेले होते. साडेआठला जीपमधून विमानाच्या प्रयोगाचे साहेब उतरले. त्यांनी पाणी मोजलं. अठरा मिलिमीटर! साहेबांनी टाळ्या वाजवल्या. सोबतची तरुण संशोधक ममता मात्र खाली वाकली आणि तिने ओट्याजवळची माती मुठीत घेतली.

"सर, ही तर कोरडी आहे."

"वाऱ्याने वाळली असेल," असं म्हणून साहेबांनी सही केली.

प्रयोग यशस्वी झाल्याचं पेपरात छापून आलं. पाऊस झाल्याची नोंद झाली म्हणून टँकर बंद झाला. गुरुजी परतले तेव्हा सुकरीने स्वतःच सांगितलं, "मास्तर, मीच वतला पानी. पयला देवाला देतात ना, तसा." गुरुजींनी दोन अर्ज केले. झालेली नोंद बदलता येत नाही, असं उत्तर आलं.

सुकरीची सून चंदना ओली बाळंतीण होती. पाण्यासाठी तिला दरीतल्या झिऱ्यावर उतरावं लागलं. तिसऱ्या दिवशी ती खडकावरून घसरली आणि तिचा पाय मोडला. तो पुढे कधी सरळ झाला नाही.

बारा दिवसांनी खरा पाऊस आला. मी काठोकाठ भरलो. गुरुजींनी सुकरीला हाक मारली, "ये, बघ तरी." ती कुंपणाबाहेरच भिजत उभी राहिली.

"नको मास्तर. माजा हात वंगाळ."

ती पुन्हा कधीच माझ्याजवळ आली नाही. इतक्या मायेने मला पाणी पाजणारं दुसरं कोणी भेटलं नाही, आणि तिच्यापाशी मला एक शब्द बोलता आला नाही. याचं दुःख अजून जात नाही.

मित्रांनो, मी खोटं बोललो नव्हतो. माझ्या पोटात अठरा मिलिमीटर पाणी खरंच होतं. पण ते कुठून आलं, हे भांड्याला सांगता येत नाही. म्हणून आकडा लिहिण्याआधी जरा खाली वाका, आणि बाजूच्या मातीला हात लावून बघा.