डाग पडायची वाट

शाईस्तानं काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, एक डोळा भिंगाला लावला आणि दुसरा मिटला. थोड्या वेळानं पहिलाही मिटला. तरी दिसायचं काही थांबलं नाही. निळे बारीक धागे एकमेकांत गुंतत पुढं चालले होते, त्यांना फाटे फुटत होते, फाट्यांच्या टोकांना बीजाणूंचे झुपके डुलत होते, आणि त्या निळ्या रानातून ती गेवराईच्या बसनं निघाली होती. खिडकीची जागा मिळाली होती. कंडक्टर तिकीट मागत नव्हता. तो फक्त विचारत होता, जर्नलवर सही घेतली का?

"ए शाईस्ता!" योगितानं तिच्या बरगडीत पेन खुपसला. "झोपलीस काय?"

"न्हाई गं. बघायले."

"डोळे मिटून?"

योगिता तलवाड्याची. घरी मेंढरं, आणि ती इथं बीडात खोली करून राहायची. मेंढरांमागं हिंडताना उभ्याउभ्या झोपता येतं, ही विद्या तिनंच शाईस्ताला शिकवली होती. वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला ती विद्या फार कामाला येत होती. सकाळची बस, मग तास, मग प्रॅक्टिकल, मग सेमिनारची तयारी, संध्याकाळची बस, घरी गेलं की भाकरी. झोप म्हणजे रस्त्यात सापडलेला रुपया. दिसला की उचलायचा. त्यामुळं शाईस्ताची स्वप्नं आखूड असायची आणि अभ्यासक्रमाच्या बाहेर फारशी जायची नाहीत.

"पेरूंचं काय?" योगितानं विचारलं.

"उद्या शेवटचं माप, आणि कापून आत बघायचं. मग लिहून टाकते."

सगळं त्या पेरूंवर अडलं होतं. प्रकल्प वेळेत गेला नाही तर परीक्षा अर्धी, आणि परीक्षा अर्धी म्हणजे वर्ष गेलं. विषय तिनंच निवडला होता: पेरूवर पडणारा डाग दुकानातल्या हवेत कसा वाढतो. मॅडम म्हणाल्या होत्या, मग फळं प्रयोगशाळेत कशाला ठेवतेस? तुझ्या घरीच ठेव की. शाईस्ताचे वडील पाशाभाई गेवराईच्या स्टँडजवळ फळांचा गाडा लावायचे आणि उरलेला माल घरच्या मागच्या खोलीत असायचा. याहून खरी हवा कुठून आणणार?

घर फळवाल्याचं, पण त्या घरात सबंध फळ कुणी खाल्लेलं नव्हतं. चांगलं फळ गाड्यावर जायचं, डागी फळ घरात यायचं. डाग कापायचा आणि उरलेलं पोरांना द्यायचं, हे काम अम्मीचं, जुलेखाबीचं. तिला डागाचा भयंकर राग. एखादीला पालीचा असतो तसा. पाटीत डागी फळ दिसलं की ती तोंडानं पुटपुटत ते बाजूला काढायची, सुरीनं डाग उडवायची आणि जे वाचलं ते जिंकल्यासारखं ताटलीत ठेवायची. या बाईला आपण कसं सांगायचं, की चांगल्या फळाला सुईनं टोचून, त्यात बुरशीचं पाणी घालून, मुद्दाम डाग पाडायचाय? शाईस्ताला ते सांगवलं नाही. ती एवढंच म्हणाली होती, "अम्मी, ह्या पेरूंवर माझा अभ्यास हाय. डब्याला हात लावू नको."

दिवाळीच्या सुट्टीत तिनं पेरू गुपचूप टोचून घेतले. डाग आले, वाढले. सकाळ-संध्याकाळ ती माप घेत होती आणि कसं छान चाललं होतं.

त्या संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा जुलेखाबी चुलीजवळ नव्हती. ओट्यावर, ताटलीवर ताटली झाकून, लेकीची वाट बघत बसली होती.

"हात धू आधी," ती म्हणाली. "तुझ्यासाठीच थांबले."

वरची ताटली उचलली. खाली पेरूच्या फोडी होत्या, मीठ-तिखट लावलेल्या. शाईस्ता मागच्या खोलीत पळाली. फडताळातला डबा धुऊन पालथा घातलेला होता.

"अम्मी! काय केलंस हे?"

"अगं, खराब व्हायलते ते तुझे पेरू!" ताटली घेऊन मागोमाग आलेल्या जुलेखाबीला अजून आनंदच होता. "सकाळी बघितलं तर एकेकाला हा एवढाला डाग. तुझा फोन लागंना. म्हणलं पोरीनं एवढं जपून ठिवलं, समदंच जायचं. निम्मं तरी वाचवलं बघ."

"कापलेलं कुठं हाय?"

"शेजारच्या रतनबाईच्या शेळीला घातलं. का गं?"

शाईस्ता फडताळाशी बसली. रडू आलं आणि ते तिनं अडवलंही नाही. जुलेखाबी घाबरली. लेकीच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

"तो डाग मीच पाडला होता, अम्मी."

"तू?"

"सुईनं टोचून."

जुलेखाबीचा पाठीवरचा हात थांबला. "चांगल्या फळाला?"

"हां."

"कावून?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. शाईस्तानं नाक पुसत सगळं सांगितलं. धागे डागाच्या पुढं कसे धावतात, वरून फळ स्वच्छ दिसतं तेव्हा आत ते कुठवर गेलेले असतात, आणि किती धावतात ते कळलं तर अब्बांचा माल कसा वाचवता येईल. जुलेखाबीनं ऐकता ऐकता फोडींची ताटली हळूच दूर सरकवली.

"आता परत कर मग," ती शेवटी म्हणाली.

"कसं करू? उद्यापासून परीक्षा. मी योगिताच्या खोलीवर राहणार. डाग पहिल्यांदा कवा दिसला, ते बघायला इथं माणूस पाहिजे. दुपारी बी, संध्याकाळी बी. न्हाई झालं तर गेलं वर्ष."

त्या घरात त्या संध्याकाळी भाकरी सोडून कुणी काही खाल्लं नाही. अब्बा आले, त्यांना सगळं कळलं, त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली आणि झोपायला गेले.

सकाळी शाईस्ता पिशवी भरत होती तेव्हा मागच्या खोलीत खुडबुड ऐकू आली. जाऊन बघते तर जुलेखाबीनं गाड्यावर जायच्या पाट्यांतून पेरू काढले होते, ओढणीनं पुसून फडक्यावर मांडले होते. एकाला ओरखडा नव्हता. इतके सुरेख पेरू त्या खोलीत खालच्या जमिनीवर कधी उतरले नव्हते.

"अब्बा?"

"त्येंनीच निवडून दिले. पण समोर थांबणार न्हाई म्हणले. गेले गाडा घिऊन." जुलेखाबीनं पहिला पेरू दोन्ही हातांत घेतला. "हं. कुठं टोचायचं?"

बुरशीच्या पाण्याची बाटली फ्रिजच्या दारात, मेंदीच्या कोनाला टेकून उभी होती. शाईस्तानं सुई दिव्यावर धरली, गार होऊ दिली. जुलेखाबीनं तोंड फिरवलं, पण हात हलू दिले नाहीत.

"हळू टोच," ती म्हणाली.

मग परीक्षेचे दिवस धुक्यातून गेल्यासारखे गेले. शाईस्ता योगिताच्या खोलीवर पुस्तक उशाला घेऊन झोपायची आणि पानं स्वप्नात आपोआप उलटायची. निळे धागे आता तिच्या घरापर्यंत पोचले होते. फडताळाला वेटोळे घालत होते, आणि मध्ये अम्मी बसून ते बोटाला गुंडाळत होती. जाग आली की ती पहिल्यांदा फोन बघायची. घरून एकच निरोप असायचा: अजून न्हाई.

एका प्रॅक्टिकलआधी ती आवारातल्या कडुलिंबाखाली उभी होती. डोळे मिटत होते. योगिता शेजारी वनस्पतींची लॅटिन नावं जपमाळेसारखी घोकत होती. तेवढ्यात फोन वाजला.

"आला!" जुलेखाबी ओरडली.

"कोण आलं?"

"डाग! अगं, डाग आला! रतनबाईला बी बोलवून दाखवला. हिकडं ये म्हणलं, बघ माझ्या पोरीचा डाग!" मागून अब्बांचा आवाज येत होता, सरक, मला बघू दे. "तिळाएवढा हाय. तू ठिवलेल्या पट्टीनं मोजला. आता दुसऱ्याला बी फुटायलाय."

शाईस्ता लिंबाच्या पारावर बसली. तिची झोप पार उडाली होती. वर्ष वाचलं होतं, आणि अम्मीच्या आवाजात एवढा आनंद तिनं ईदच्या दिवशीही ऐकला नव्हता.

"पण शाईस्ता," जुलेखाबीचा आवाज खाली आला, "त्या कडंच्या दोघांना काहीच न्हाई गं. सकाळपासून मी त्येंच्याकडंच बघत बसले. त्येंना बी टोचलंतं की आपण."

"त्यांना नुसतं पाणी घातलंय, अम्मी. तुलनेसाठी. त्यांना येणारच न्हाई."

"येणारच न्हाई?"

"न्हाई."

लिंबाखाली योगितानं शाईस्ताला खूण केली, आत बोलावतायत.

"तरी मी बघत ऱ्हाते," जुलेखाबी म्हणाली. "एखाद्या वेळी येईल बी."