दिव्यांची तांबडी वर्तुळे

मी एक जुनी खुर्ची आहे. गोल, बिनपाठीची, फिरवली की वरखाली होणारी. या बंदरगावात, धक्क्यापासून चौथ्या दुकानात, फोटो काढायच्या खोलीत माझे उभे आयुष्य गेले. आता मागच्या दाराशी पडून आहे. अंगावर कपडे धुण्याचा साबण, एक गळकी बादली आणि कधीमधी शेजारचे मांजर असते. मित्रांनो, तक्रार म्हणून सांगत नाही. थकले आहे, इतकेच. थकलेल्या माणसाला जशी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते, तसे माझे झाले आहे.

होड्या बांधणाऱ्या एका सुताराने मला घडवले. फुटलेल्या होडीची एक फळी त्याच्याकडे पडून होती. तिचा गोल कापून त्याने तो आठवडाभर घासला आणि खाली आट्यांचा लोखंडी खांब बसवला. हे दुकान ज्यांनी काढले ते थोरले मालक माझ्यावर बसले, त्यांनी एक गिरकी घेतली आणि म्हणाले, "झकास. आता गावातला प्रत्येक चेहरा एका उंचीवर येईल." आयुष्यात माझे झालेले हे पहिले कौतुक. पुढे फारसे झाले नाही, म्हणून जपून ठेवले आहे.

काम सोपे होते. उंच माणूस आला की मला खाली फिरवायचे, ठेंगणा आला की वर. डोळे कॅमेऱ्यासमोर बरोबर एका रेषेत यायला हवेत. दिव्यांचेही तसेच होते. दोन उभे दिवे होते. थोरल्या मालकांनी महिनाभर खटपट करून त्यांच्या जागा ठरवल्या आणि दिव्यांच्या पायांभोवती फरशीवर तांबड्या रंगाने वर्तुळे काढली. "दिवे या वर्तुळांबाहेर गेले, की दुकान गेलं म्हणून समज," असे ते मुलाला बजावत. मुलगा पुढे धाकटा मालक झाला, त्याचे केस पांढरे झाले, तरी ती वर्तुळे म्हणजे त्याला काळ्या दगडावरची रेघ होती. दर वर्षी तो गुडघे टेकून त्यांना नवा रंग द्यायचा.

त्या काळी गावात सगळे एकाच तोंडवळ्याचे होते. फिकट कातडीचे, सरळ केसांचे, उन्हाने नाकाशी लालसर झालेले. त्यांचे फोटो असे स्वच्छ निघत की भुवयांचे केस मोजून घ्यावेत. दिवे त्याच कातडीसाठी लावलेले आहेत, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. माझ्याही नव्हते.

मग समुद्रातली मासळी आटली. तरुण मुले मोठ्या शहरांकडे निघाली. जाताना कागदपत्रांना फोटो लागे, तो माझ्यावर बसून काढत. काही वर्षांनी पलीकडच्या बाजूला मासळी डब्यात भरण्याचा मोठा कारखाना आला आणि समुद्रापलीकडून माणसे येऊ लागली. आधी काळीसावळी, दाट कुरळ्या केसांची. मग बारीक डोळ्यांची, बुटकी, चपळ. पाववाल्याच्या दुकानात पाववाला बदलला, शाळेच्या घंटेवरचा माणूस बदलला. येणाऱ्यांनाही कागदपत्रे लागत आणि फोटो त्याच मापाचा लागे. खरे सांगू? मला चेहऱ्यांपेक्षा बसणे जास्त कळते. जाणारे काठावर बसायचे. येणारेही काठावरच बसायचे.

समोरचा औषधवाला रोज संध्याकाळी येऊन सुस्कारा टाकायचा, "गाव आपलं राहिलं नाही हो."

"गाव राहिलं नसेल, गिऱ्हाईक तर राहिलंय," धाकटे मालक म्हणायचे.

मालक माणूस वाईट नव्हता. कोणाला दारातून परत पाठवत नसे. पण नव्या लोकांचे फोटो त्याच्या अंधारखोलीतून बाहेर येत ते काळेमिट्ट. कॉलर दिसे, गुंडी दिसे, चेहऱ्याच्या जागी नुसता डाग. मालक कपाळाला आठ्या घालून म्हणत, "हे लोक हलतात. स्वस्थ बसायची सवयच नाही यांना." त्यांची बायको, जिला सगळे काकू म्हणत, बारीक कुंचल्याने त्या डागात डोळे कोरत बसे. तिने एकदा दबकत विचारले, "अहो, दिवा थोडा पुढे घेऊन बघायचा का?" मालकांनी दिवा होता तिथेच ठेवला.

अशात एक दिवस समुद्रापलीकडून आलेल्यांपैकी एक, काळीसावळी बर्फवाली दुकानात आली. धक्क्यावर मासळीसाठी बर्फ फोडण्याचे काम ती करायची. हात भेगाळलेले, पण बसली की दगडासारखी निश्चल बसे. तिला तिच्या म्हाताऱ्या आईला इकडे आणायचे होते. आई एकटी होती, आजारी होती. परवान्याचे अर्ज वर्षातून दोनदाच घेत, आणि अर्जावर तिचा स्वतःचा फोटो लागे.

पहिला फोटो कचेरीने परत केला. चेहरा ओळखू येत नाही, असा शेरा होता. ती धावत आली. मालकांनी पुन्हा त्याच वर्तुळांत दिवे ठेवून दुसरा काढला. तोही परत आला. तोवर मुदत संपली होती.

"साहेब, मी हलले नव्हते," ती म्हणाली.

मालक वैतागले होते. त्यांच्या हातचा फोटो दोनदा परत येणे म्हणजे त्यांना तोंडात मारल्यासारखे झाले होते. म्हणाले, "आता त्याला मी काय करू, बाई? पुढच्या खेपेला तोंडाला जरा पावडर लावून या."

मित्रांनो, सहा महिन्यांनी ती खरोखर पावडर लावून आली. कपाळापासून गळ्यापर्यंत पांढरीफटक. वाटेत घाम आला होता, त्याचे ओघळ गालांवर उतरले होते. रस्त्यातली माणसे हसली असणार. ती माझ्यावर बसली आणि इतकी जपून बसली, की पावडर पडून माझी बैठक खराब होऊ नये. मी एवढी वर्षे माणसे अंगावर घेतली, पण तेवढे ओझे मला कधी वाटले नाही.

काकू कुंचला टाकून उठली. तिने बर्फवालीला हाताला धरून मोरीपाशी नेले, स्वतःच्या हाताने तिचा चेहरा धुतला, पदराने पुसला. मग येऊन उजवा दिवा उचलला आणि वर्तुळातून काढून दोन हात पुढे ठेवला. डावीकडे, उजेड चेहऱ्यावर परतावा म्हणून, आतल्या पलंगावरची पांढरी चादर दोन्ही हातांनी पसरून उभी राहिली.

"अगं, काय चालवलंयस?" मालक म्हणाले.

"अहो, तिच्याकडे बघा तरी एकदा. काढा आता," काकू म्हणाली.

मालकांनी कॅमेऱ्यातून पाहिले. मग फोटो काढला.

तो फोटो लखलखीत निघाला. कचेरीने निमूट घेतला, दोन महिन्यांत परवाना आला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पण त्याच आठवड्यात तिकडून निरोप आला, की आई गेली. पहिलाच फोटो नीट निघाला असता, तर आई केव्हाच इथे पोचली असती. हा हिशेब कोणी मोठ्याने केला नाही. करायची गरज नव्हती.

पुढच्या महिन्यात बर्फवाली रुमालात गुंडाळलेला एक लहानसा फोटो घेऊन आली. आईचा तो एकच फोटो होता, तिकडच्या कुठल्याशा दुकानात काढलेला. "हा मोठा करून द्या. चेहरा उजळ करा. तुम्हाला जमतं आता," ती म्हणाली.

मालकांनी भिंग लावले. शालीचा काठ दिसत होता, कानातली कडी दिसत होती. चेहऱ्याच्या जागी डाग होता.

"बाई, जे फोटोत उतरलंच नाही, ते मी कुठून काढू?" त्यांनी भिंग खाली ठेवले. "चूक दिव्याची असते. माणसाची नसते."

"मग तेव्हा हे का नाही सांगितलंत?"

मालक मान खाली घालून वर्तुळांकडे पाहत राहिले. बर्फवालीने फोटो पुन्हा रुमालात बांधला, दारापर्यंत गेली आणि थांबली.

"माझा काढा," ती म्हणाली. "सगळे म्हणतात, मी हुबेहूब आईसारखी दिसते." तिने ओढणी शालीसारखी डोक्यावरून घेतली आणि माझ्यावर बसली. "फक्त ती माझ्याहून दोन बोटं ठेंगणी होती."

मालकांनी आजवर मला सगळ्यांना एका उंचीवर आणण्यासाठी फिरवले होते. त्या दिवशी वाकून त्यांनी मला दोन बोटे खाली घेतले. दिवे स्वतः उचलून पुढे आणले. चादर काकूने धरली.

फोटो हातात आल्यावर बर्फवालीने तो आईच्या जुन्या फोटोशेजारी धरला. मग म्हणाली, "हो. ही आई."

ती गेल्यावर मालकांनी खुरपे घेतले आणि फरशीवर बसून दोन्ही वर्तुळे खरवडून काढली. सगळा रंग निघाला नाही. फरशीच्या चिरांत तांबडे अजून आहे. माझ्या जागेवरून उघड्या दारातून ते दिसते.

मालक गेले, काकू लेकीकडे गेली. दुकान आता पाववाल्याच्या पुतण्याने घेतले आहे. गाव अजून बदलतेच आहे. कोण येते, कोण जाते, याची नोंद ठेवायचे त्राण माझ्यात उरलेले नाही. मित्रांनो, माझे आटे गंजले आहेत. इकडे आलात तर तेलाचे दोन थेंब घाला, बादली बाजूला ठेवा, एवढे पुरे. मला पुन्हा खोलीत नेलेत तर एक करा. माझ्यावर कोणाला बसवाल, तेव्हा आधी त्याच्याकडे बघा. दिवा कुठे ठेवायचा, ते मग ठरवा.