सराफाच्या मापाचा बॉल

आधीच सांगून ठेवते, चूक माझीच. माझ्या नवऱ्याची, वसंतरावायची नाही, रुपरावची तर बिलकूलच नाही. पण हे शहाणपण आताचं. त्या रविवारी मी दोघायच्याही नावानं बोटं मोडली.

गोष्ट बॉलिंगच्या बॉलची आहे. क्रिकेटवाली बॉलिंग नाही बाप्पा, मॉलमधली. गुळगुळीत लाकडी लेनवरून जड बॉल सोडायचा अन् पलीकडच्या दहा पिना पाडायच्या. दोन-दोन बॉलची एक फ्रेम, अशा दहा फ्रेमचा एक गेम. आमची नागपुरात लेडीज लीग आहे, चार-चार जणींच्या सहा टीमा. बारा वर्षं आमच्या टीममधून शेवटी मी टाकत होती. शेवटी म्हणजे मॅच फसली की सगळ्या जणी माझ्या तोंडाकडे पाहत. ऑफिसात मले कोणी विचारत नव्हतं, घरी भाजीत मीठ जास्त झालं तरच माझं नाव निघे. पण त्या लेनवर मी कोणीतरी होती.

मग संधिवात आला. बोटायचे सांधे सुजले, पकड गेली. चार वर्षांपूर्वी फायनलमध्ये मी हात मागे नेला अन् बॉल निसटून माझ्या मागेच पडला, धाडकन! मागे बसलेल्या बाया पाय उचलून किंचाळल्या. हसलं कोणीच नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. मी बूट काढले अन् घरी आली, ते पुन्हा गेलीच नाही.

यंदा नवीन औषधानं सूज जराशी उतरली. डॉक्टर म्हणाले, हलका बॉल असेल तर खेळा, पण हे किती दिवस टिकन ते मी सांगू शकत नाही. म्हणजे खेळायचं तर आत्ताच, नाहीतर मग नाहीच. टीमची कॅप्टन आता काजल आहे, माझ्या लेकीच्या वयाची. ती म्हणाली, "काकू, रविवारी या. एक गेम टाका, एकशे वीस पॉइंट आले की जागा तुमची. हर्षाही जागा मागून राहिली, नाहीतर मले तिले हो म्हणावं लागन. पुढच्या रविवारी लीग सुरू होते ना." एकशे वीस! एकेकाळी एवढे मी गप्पा मारता मारता काढत होती.

बॉल धरायले त्याले तीन भोकं असतात, दोन बोटायले अन् एक आंगठ्याले; माझ्या जुन्या बॉलच्या भोकात आता बोटच जात नव्हतं. म्हणून नवीन मागवला बंगळूरहून, दहा पाउंडाचा, जांभळा, मोठा देखणा. तिथला माणूस फोनवर म्हणाला, बोटायची मापं पाठवा, त्या मापानं भोकं पाडून देतो. आता नागपुरात बोटाचं माप कोण घेते? वसंतराव म्हणाले, "काहून, रुपराव घेते ना!"

रुपराव म्हणजे आमचा इतवारीतला सराफ. माझ्या लग्नातली अंगठी त्यानंच घडवली होती, अन् दोन वर्षांपूर्वी बोट सुजलं तेव्हा ती कापून काढली तीही त्यानंच. त्यानं मापाच्या कड्यायचा जुडगा काढला अन् एकेक कडं माझ्या बोटात घालून पाहिलं. आंगठ्यात एक कडं बसलं. "हे बरोबर आहे, बाई. की एक नंबर मोठं घेता?"

"मोठं?" मी म्हटलं, "उलट घट्ट पाहा. निसटलं नाही पाहिजे, बस."

त्यानं एक नंबर लहान कडं सांध्यावरून दाबून चढवलं. "घ्या, हे आता जन्मात निसटत नाही." मले इतकं बरं वाटलं की मी त्याच्या दुकानात बसून चहा प्यायली. अंगठी निसटू नये म्हणून घालतात अन् बॉल सुटावा म्हणून धरतात, एवढी साधी गोष्ट, पण बारा वर्षं खेळलेल्या बाईच्या डोक्यात आली नाही. मले फक्त मागे पडलेला तो बॉल दिसत होता.

रविवारी दुपारी मॉलमध्ये बुटाच्या लेस मी स्वतः बांधल्या. वसंतराव वाकले होते, मी म्हटलं, "व्हा बाजूले." वर स्क्रीनवर माझं नाव आलं, सुमती.

पहिला बॉल मी सोडला, त्यानं मले सोडलं नाही. आंगठा उशिरा निघाला, बॉल वर उडाला, धप्पकन पडला अन् डाव्या बाजूच्या नालीत गेला. दुसऱ्यानं तीन पिना पडल्या. मागून वसंतराव म्हणाले, "जमन, जमन." मी म्हटलं, "तुम्ही जरा गप्प बसता का?" आंगठ्याले पावडर लावली. चार फ्रेम झाल्या तेव्हा एकोणीस झाले होते अन् काजल मोबाइलमध्ये पाहून राहिली होती.

माझं डोकंच सणकलं. पाचव्या फ्रेमले होता नव्हता तेवढा जोर लावला. बॉल गेलाच नाही. तो पुढे अन् त्याच्यामागे मी, ओलांडायची नसते त्या लाइनच्या पलीकडे गुडघ्यावर पडली. लाल लाइट लागला, मशीन पीं पीं करून राहिली, अन् आंगठा आतच.

मायबाई! काउंटरवरच्या बाईनं हात धुवायचा साबण आणला. मी खुर्चीत, मांडीवर तो जांभळा बॉल, अन् वसंतराव भोकात साबण सोडून राहिले. मग त्यायनं रुपरावले फोन लावला. तो ओरडला, "ओढू नका, आणखी सुजन! दुकानात घेऊन या, कापून काढतो."

"बॉल कापतो का गा तू?" वसंतराव म्हणाले.

मले हसू आलं अन् मग रडूच आलं. वर स्क्रीनवर माझं नाव चमकत होतं, माझी पाळी होती ना.

अर्ध्या तासानं आंगठा निघाला. साल निघालं होतं अन् सांधा लिंबाएवढा झाला होता. काजल जवळ बसली. "काकू, बॉल परत पाठवा, भोक मोठं करून देतात. महिन्याभरात येईन." चांगली पोरगी आहे. मी हाव म्हटलं. महिन्याभरानं माझा आंगठा कोणत्या मापाचा राहीन हे ना तिले माहीत, ना मले. ती फोन घेऊन बाजूले गेली. कोणाले लावला ते विचारायची गरज नव्हती.

तेवढ्यात खडखड आवाज आला. वसंतराव ती लोखंडी घसरगुंडी ओढत आणून राहिले होते, लहान पोट्ट्यायसाठी ठेवतात ती. वर बॉल ठेवायचा अन् ढकलायचा.

"हे लीगमध्ये चालत नाही, अहो."

"नको चालू दे. एक टाक. माझ्यासाठी."

त्यायच्या शर्टभर साबण लागला होता. मी तळहातानं बॉल ढकलला. इतका हळू गेला की मले पाहवत नव्हतं. पहिल्या पिनेच्या जरा उजवीकडे लागला अन् दहाच्या दहा पडल्या.

स्क्रीनवर फटाके फुटले. "पाह्यलं! पाह्यलं का वं!" वसंतराव टाळ्या वाजवत उड्याच मारून राहिले. "तुले येते अजून!" काउंटरवरच्या बाईनं टाळ्या वाजवल्या, बाजूच्या लेनवरच्या लोकायनं वाजवल्या. चार वर्षं मी या टाळ्यायची वाट पाहत होती. अन् पडल्या त्या घसरगुंडीले.

ते एवढे खुश होते की मी हसली. मग बूट काढायले बसली. मागून काजलचा आवाज आला, "हाव हर्षा, रविवारी साडेचारले ये." आंगठा वाकत नव्हता, लेस काही सुटेना. वसंतराव खाली बसले अन् त्यायनं सोडल्या.