हाळी ऐकू येईल अशी मोटार

“पेट्रोलात आईल वतायचं? आन् मग त्ये जळनार कसं?” सरपंच नानासोंनी धोतराचा सोगा वर धरून विचारलं, कारण मिस्त्रींच्या अंगणभर काळं तेल सांडलेलं होतं.

“टू-स्ट्रोकला तसंच लागतंय, सरपंच,” जोतीराम मिस्त्री म्हणाले. “मिसळायचं इसरला की पिस्टन चिकटलाच म्हना. ही दुसरी फोर-स्ट्रोक. हिचं तेल निराळं, पेट्रोल निराळं. तुमच्या हिरीवरच्या इंजनागत.”

सांगलीत पंपाची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी गोव्याकडच्या बोटींच्या दोन जुन्या मोटारी आणून ठेवल्या होत्या. एक लाल, अंगानं सडपातळ. दुसरी करडी, चांगली जाडजूड. दोघींच्या शेपट्या पाण्यानं भरलेल्या मोठ्या लोखंडी पिंपात बुडवलेल्या. त्यातली एक आमच्या नावेला मागं लागणार होती. नाव तशी गावची, पण माझ्या जन्माच्या आधीपासून कृष्णेवर ती माझे आबा वल्हवतात, म्हणून आमची.

मला काही गप्प बसवेना. “फोर-स्ट्रोक घ्या, नानासो! शोषण, दाब, स्फोट आणि उत्सर्जन, असे चार टप्पे. पेट्रोल कमी पिते, धूरही कमी. पेट्रोल केवढं महागलंय बघा की!”

आम्हांला हे सगळं नववीच्या विज्ञानात आहे. शिवाय दिवाळीआधी कराडच्या वक्तृत्व स्पर्धेत ऐन माझ्या पाळीला वीज गेली आणि मी माईकशिवाय बोलून पहिला नंबर काढला. तेव्हापासून मी कुठंही, कुणाहीपुढं बोलते.

“आकाराम, ही पोरगी हाय का इंजनेर?” नानासो म्हणाले.

“तोंडाची मोटार हाय,” आबा म्हणाले. “बिनपेट्रोलची.”

सगळे हसले. मी तर सगळ्यांत जास्त.

मग नानासोंचं हसू गेलं. “त्ये ऱ्हावदे. आकाराम, पलीकडची मानसं वरडून वरडून घसं बसवून घेत्यात. परवा बनुबाईची सून अडली, सुईन पलीकडच्या काठावर हुबी, आन् नावंचा पत्त्या न्हाई. मोटार लागल्यावर तरी ही गाऱ्हानी थांबली पायजेत. न्हाईतर मला दुसरा मानूस बगावा लागंल. मागनं म्हनू नगंस सांगितलं न्हाई.”

आबा त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघत होते. बोलणाऱ्याच्या तोंडाकडं असं बघायची त्यांना सवयच आहे. गावात म्हणतात, आकारामाशी बोलावं, लय मन लावून ऐकतो.

“वाऱ्याचं हाय वो, नानासो. यंदा वारं उलटं हाय. हाळी खालतीकडं न्हेतंय.”

आमच्याकडं पलीकडच्या काठावर ना घंटा ना झेंडा. माणूस उंबराखाली उभं राहतं आणि हाळी देतं. आबा नुसत्या आवाजावरून ओळखतात, कोण आहे, डोक्यावर भारा आहे की कडेवर पोर. आणि उलट हाळी देतात ती त्याचं नाव घेऊन, “आलो गंऽऽ, राहीबाईऽऽ!” वाऱ्याचं मलाही पटलेलं होतं. कृष्णेवरचा वारा काय साधा असतो?

म्हणून दोन मोटारींबद्दल आबांनी एकच प्रश्न विचारला. “मिस्त्री, नदीच्या मधी असताना कंच्या मोटारीत हाळी ऐकू येती?”

मिस्त्रींनी डोकं खाजवलं. “आसं कुनी इचारलं न्हाई बा आजवर.”

“मग बगूया की. हरणा, रस्त्यापल्याड त्या चिंचंखाली जा. मी पाठ करून हुबा ऱ्हातो. तू हाळी दे. ऐकली की हात वर करतो. जिच्यात ऐकू येईल, ती मोटार आपली.”

मी धावतच गेले. वडिलांना नावानं हाका मारायची अशी संधी पुन्हा कुठली मिळायला!

आधी लाल मोटार. मिस्त्रींनी दोरी ओढली तशी ती तडतड करत निळा धूर ओकू लागली. मी तोंडाभोवती हात धरून ओरडले, “आरं आकारामाऽऽ! नाव आऽऽन!” हात वर झाला नाही. बरोबरच होतं, त्या गोंगाटात मला माझंच ऐकू येत नव्हतं.

मग करडी. ही नुसती घुमत होती, पारव्यासारखी. मी पुन्हा हाळी दिली. सायकलवरचा एक जण पाय टेकून बघायला लागला. समोरची पानवाली हसली. आबा आमच्याकडं पाठ करून, मान जराशी तिरकी ठेवून उभे होते. हात खालीच. मला वाटलं, माझी गंमत करतायत.

तेवढ्यात मिस्त्रींनी करडी मोटार बंद केली. रस्त्यावर एकदम शांत झालं. नानासोंनी आबांच्या पाठीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि हातानं खूण केली, दे.

मी कराडचा आवाज काढला. “आकारामाऽऽ! नाव आऽऽन!”

चिंचेवरचे कावळे उडाले. मिस्त्री दचकले.

आबा तसेच उभे होते. हात वर करायला बोटं नुसती तयार.

मी रस्ता ओलांडून आले तेव्हा नानासो उपरण्यानं चष्मा पुसत हळू आवाजात बोलत होते. “मोटार कंची बी द्या, मिस्त्री. चालवंल आज नावंवर हाय त्यो धुळा. ह्याच्या हातात दिली तर एकांद्या दिवशी मानसं बुडत्याल.” आबा त्यांच्यापासून चार पावलांवर, पाठमोरे.

मग आबा आपणहून वळले. चेहरा नुसता खुललेला.

“ही करडीच घ्या, नानासो! सुरू हाय का बंद, कायच कळत न्हाई. लय शांत मशीन. हिच्यात हाळी ऐकू यायला कायबी आडचन न्हाई.” मग माझ्याकडं बघून म्हणाले, “पर तू गं? तू का वरडली न्हाईस?”

मी त्यांच्यासमोर गेले, तोंड त्यांना नीट दिसेल अशी.

“घसा बसला, आबा.”

“आँ? कराडात सभा गाजवलीस आन् हितं बसला व्हय?” ते हसले. सांगलीच्या स्टँडवर त्यांनी मला खडीसाखर घेऊन दिली. यष्टीत सगळी वाट ते करड्या मोटारीचंच बोलत होते. ती कुठं बसवायची, पावसात तिच्यावर काय झाकायचं. पुढच्या बाकावरून नानासोंनी एकदाही मागं बघितलं नाही.

संध्याकाळी घाटावर आलो. दिवसापुरती नाव सांभाळणाऱ्या धुळ्यानं वल्हं आबांच्या हातात दिलं. मी रोज इथून घरी जाते. त्या दिवशी गेले नाही. नावेत चढले आणि पुढच्या टोकाला बसले, आबांना मी दिसेन अशी.

पलीकडून हाळी आली. राहीबाईची होती, स्वच्छ. वारा अजिबात नव्हता.

मी हात वर केला.

आबा माझ्या हाताकडं बघत राहिले. मग त्यांनी नाव पाण्यात लोटली, वल्हं घातलं आणि उंबराकडं तोंड करून हाळी दिली,

“आलोऽऽ!”

नाव मात्र कुणाचं घेतलं नाही.