उरलेली दोन व्हायोलिनं

“शेवटाला श्वाससुद्धा हळू घ्यायचा, पोरा,” असं गुरुजी म्हणायचे. त्यांना जाऊन जमाना लोटला, तरी तो घोगरा आवाज सरांच्या कानात लख्ख होता. हल्ली जुनेच आवाज लख्ख उरले होते. “कान तपासून घेता का?” असं मुख्याध्यापिकेनं परवा विचारलं, तेव्हा “ठणठणीत आहेत!” म्हणून त्यांनी हसून टोलवलं होतं. खरं सांगितलं असतं तर संगीताचा हा वर्ग हातचा गेला असता.

सरांनी तबकडी बाहीनं पुसली, सुई टेकवली.

“हायडन म्हणजे जुना युरोपी संगीतकार. त्याचा मालक एक राजपुत्र. उन्हाळी महालातून हलायचं नाव घेईना. वादकांची बायकापोरं लांब गावी वाट बघतायत. पण मालकाला सांगणार कोण?”

“मांजराच्या गळ्यात घंटा!” मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं.

वर्ग हसला. सर किंचित मागाहून हसले.

“हायडननं बांधली ती, पण सुरांची. या सिंफनीच्या शेवटी एकेक वादक मेणबत्ती विझवतो, आणि चालू लागतो. ऐका.”

धावती लय मंदावली. सर एकेक बोट मिटू लागले. “ओबो गेला. हॉर्न गेलं. तो बघा जाडा बास, निघाला बोचकं उचलून. चेलो गेला...” पोरं गालात हसली, मग गप्प झाली. उरली दोन व्हायोलिनं, जणू दिवेलागणीला अंगणात राहिलेल्या दोन बहिणी.

सरांनी अलगद सुई उचलली.

“संपलं. राजपुत्र काय ते समजला. दुसऱ्या दिवशी घोडागाड्या जुंपल्या.”

कुणी हललं नाही. वर्ग जिला शंकासुर म्हणायचा, त्या मुलीनं हात वर केला. शेजारणीनं तो खाली ओढला.

“सर, अजून वाजत होतं,” ती तरीही म्हणाली.

“हो ना, फारच गोड!” सर म्हणाले.

कुणी हसलं नाही. मुलगी उठून त्यांच्या अगदी समोर आली.

“सर, ती दोघं अजून वाजवत होती. तुम्ही मध्येच सुई उचललीत.”

सरांनी तबकडीकडे पाहिलं. आतल्या बाजूला बोटभर रेघा शिल्लक होत्या. त्यांनी सुई पुन्हा टेकवली, आणि या वेळी ते पोरांच्या चेहऱ्यांकडे बघत राहिले. एकाची मान कलली. एकीनं डोळे मिटले. बऱ्याच वेळानं सगळ्यांचे खांदे सैल झाले, तेव्हा त्यांनी सुई उचलली.

“पोरांनो, मला यातलं काही ऐकू आलं नाही,” ते म्हणाले. “कसं होतं?”