बुडबुड्या दगडाची धास्ती

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे, आणि दगड असूनही भारी घाबरट आहे. दगड म्हटला की तो थंड, निवांत, ऊनपाऊस मुकाट्याने सोसणारा, असं तुम्हाला शाळेत सांगितलं असेल. माझ्या बाबतीत ते साफ चूक आहे. मला साधं कुणी टेकून उभं राहिलं तरी वाटतं, मी कलंडलो आणि त्याच्या पायावर पडलो तर? मी एका घराच्या परसात उभा असतो. माझ्या डोक्यावरच्या भोकातून पाणी बुडबुडत वर येतं, अंगावरून खाली उतरतं आणि पायाशी पसरलेल्या गोट्यांमध्ये नाहीसं होतं. म्हणून घरातले मला बुडबुड्या म्हणतात.

माझं लहानपण ओढ्याच्या काठावर गेलं. तिथे पुराची धास्ती होती. दर पुराला वाटायचं, आता गेलो वाहून. गेलो नाही. एके दिवशी माणसंच आली, दोर बांधून त्यांनी मला ट्रकात चढवलं आणि दगड विकणाऱ्याच्या आवारात आणून टाकलं. तिथल्या फरश्या, पायऱ्या, खांब सगळे कामाचे. मी आपला ओबडधोबड आणि पोटाशी फुगलेला. गिऱ्हाईक यायचं, माझ्यावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधायचं आणि शेजारची फरशी पसंत करून निघून जायचं. आपल्याला कुणी नेणार नाही याची मला काळजी, आणि नेलं तर कुठे नेतील याचीही काळजी.

मग एकदा तिघं जण आले. एक नर्स होती, तिला दिवस गेलेले होते. बरोबर तिचा नवरा, त्याचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज होतं. आणि नवऱ्याचा धाकटा भाऊ, तो घरं रंगवायचा. तिघं एकाच घरात राहत आणि परसात पाण्याचं काहीतरी करायचं म्हणून वाद घालत आले होते. धाकट्याला तळं हवं होतं, त्यात मासे हवे होते, माशांची नावंसुद्धा त्याने ठरवून ठेवली होती.

"पाणी हवं, पण साचलेलं नको," नर्स म्हणाली. "उद्या घरात मूल रांगेल. वीतभर पाण्यातही मूल जातं. मी बघितलंय."

दगडवाल्याने मग वेगळा उपाय सांगितला. टाकी जमिनीत पुरायची, आत पंप ठेवायचा, वर लोखंडी जाळी, जाळीवर गोटे, आणि मधोमध भोक पाडलेला दगड. पाणी दिसतं, वाजतं, पण वर कुठे साचत नाही. नर्सने इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या अंगावर तळवा ठेवला. मित्रांनो, मला नेलं ते मी देखणा होतो म्हणून नाही. माझ्यापाशी मूल सुरक्षित राहील म्हणून नेलं. माझ्यावर टाकलेली जबाबदारी एवढीच होती.

मला भोक पाडलं तेव्हाचं काय सांगू! पाथरवटाने आधी मला हातोडीने ठोकून ठोकून ऐकलं, आत तडा नाही ना ते बघायला. मलाच ठाऊक नव्हतं. यंत्र फिरत होतं, वर पाणी ओतत होते, आणि मी मनात म्हणत होतो, आता दोन तुकडे, आता दोन तुकडे. पाथरवट शिट्टी वाजवत होता. मला त्या शिट्टीचा फार राग आला. पण मी फुटलो नाही.

परसात दोघा भावांनी खड्डा खणला, टाकी बसवली, टाकीत माझ्यासाठी काँक्रीटचा भक्कम खांब रचला. गॅरेजमधली साखळी आणून मला उचललं. मी हवेत लोंबकळत होतो तेव्हा दोघं एकमेकांना सारखे "हळू" म्हणत होते, आणि दोघांपैकी हळू कुणीच करत नव्हतं. भोवती जाळी टाकली. पंपापर्यंत हात जावा म्हणून जाळीचा एक कोपरा सुटा ठेवला. वर गोटे पसरले. पहिल्यांदा पंप चालू केला तर पाणी कारंज्यासारखं उडालं आणि धाकट्याचं डोकं भिजलं. मग तोटी कमी करत करत ते असं बसवलं, की पाणी माझ्या माथ्यावर नुसतं फुगायचं आणि घसरायचं. शेजारीपाजारी बघायला आले. एक आजोबा रोज खुर्ची घेऊन यायचे आणि माझ्या आवाजात बसल्या बसल्या घोरायचे. त्या कौतुकाने मी खूश होतो. खोटं कशाला बोलू?

मग बाळ आलं. मुलगी. एका जागी ठरायची नाही म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं. नर्स आई झाली, गॅरेजवाला बाबा झाला, रंगारी काका झाला. भिंगरी चालायला लागली ती थेट माझ्याकडे. तिचा ओला तळवा रोज माझ्या पोटावर बसायचा. तिचे दोन खेळ होते. एक म्हणजे गोटा उचलून माणसाच्या हातात द्यायचा आणि लगेच परत मागायचा. दुसरा म्हणजे कुणी हाक मारली की टुणकन उडी मारून उलट्या दिशेने पळायचं. हाक जितकी मोठी, उडी तितकी मोठी.

दीड-दोन वर्षं गेली. नव्याचे नऊ दिवस सरले. माझ्या अंगावर शेवाळ धरलं, आजोबांची खुर्ची येईनाशी झाली. एका सकाळी पंप घरघरला आणि बंद पडला. काकाने नवा आणला. गोटे बाजूला केले, सुटा कोपरा उचलला, तर जाळीचा तेवढा तुकडा त्याच्या हातातच मोडला. गंजून पार भुगा झाला होता. बाबाने वाकून बघितलं आणि सांगितलं, गॅरेजमध्ये चांगली जाड जाळी पडून आहे, तीच कापून बसवू. एवढं बोलून तो कामावर गेला. काकाने पंप बसवला. जाळी उद्या बसवायची होती.

आता काकाची एक सवय तुम्हाला सांगायला हवी. तो लोकांच्या राहत्या घरात काम करायचा. संध्याकाळी निघताना अर्धी भिंत असली तरी झाडून, पुसून, कागद लावून असं आवरायचा, की घरमालकाला काम झाल्यासारखं वाटावं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तो म्हणायचा. त्याच सवयीने त्याने त्या उघड्या कोपऱ्यावर लाकडाची बारीक पट्टी आडवी टाकली, पट्टीवर रंगकामाचं प्लॅस्टिक अंथरलं आणि वर गोटे लावले. कसे लावले! मोठे खाली, लहान वर, रंगाला रंग जुळवून. मला स्वतःला कळलं नसतं, जर माझ्या पायाशी ते घडलं नसतं.

बाबाच्या गॅरेजचा कायदा याच्या बरोबर उलटा. तिथे काम राहिलं असेल तर गाडीचं तोंड उघडं ठेवायचं, आणि झाकण लावलं म्हणजे काम झालं. संध्याकाळी बाबा परसात आला, सगळं झाकलेलं बघितलं, आणि त्याने मान डोलावली. त्याला वाटलं, धाकट्याने स्वतःच कुठूनतरी जाळी आणून बसवली. काकाला वाटलं, दादा जाळी कापून आणेल आणि बसवेल. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी माझ्या कोपऱ्याची गत झाली. दुसऱ्या दिवशी काकाला मोठं काम मिळालं. जाळीचं नाव कुणीच काढलं नाही.

मित्रांनो, माझी खरी धास्ती सुरू झाली ती तेव्हापासून. खाली टाकी भरलेली होती. भिंगरी त्यात उभी राहिली असती तर पाणी तिच्या डोक्यावर गेलं असतं. वर एक प्लॅस्टिक, एक पट्टी. आणि ती रोज सकाळी यायची, या गोट्यावरून त्या गोट्यावर. आज ती या बाजूला बसली, सुटलो. आज त्या कोपऱ्याकडे वळली, पण फुलपाखरू आलं, सुटलो. मला ओरडता येत नव्हतं, हलता येत नव्हतं. सांगताही येत नव्हतं आणि सहनही होत नव्हतं.

त्यात भर पडली. माझ्या अंगावरून उतरणारं पाणी आता त्या कोपऱ्यातून टाकीत जाईना. प्लॅस्टिक मध्ये थोडं खचलं, तिथे छोटंसं डबकं झालं, आणि जास्तीचं पाणी कडेने फुलझाडांच्या वाफ्यात वाहून जायला लागलं. टाकी उतरू लागली. माझा आवाज बदलला, बुडबुड जाऊन खरखर सुरू झाली. मला इतका आनंद झाला! म्हटलं, आता कोरडा पडू दे मला. पाणी संपलं तर धोका संपला. मी आयुष्यात पहिल्यांदाच कोरडं पडायची वाट बघत होतो.

पण या घरातल्या लोकांचं माझ्यावर प्रेम होतं ना! आईने माझी खरखर ऐकली आणि ड्यूटीला निघता निघता नळी लावून टाकी भरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरली. मग रोजच भरायला लागली. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. बिचारीला काय ठाऊक, की ती कशात पाणी भरतेय. आणि भिंगरीला त्या डबक्याचा शोध लागला. वाहतं पाणी तिने रोज बघितलेलं, साचलेलं पाणी तिच्यासाठी नवीन होतं. आता ती दुसरीकडे बसेचना. काठावर उकिडवी बसून डबक्यात पानं सोडायची. पट्टी फुगत होती. मला तिचा आवाज यायचा, बारीक, कुरकुर.

सुट्टीची दुपार होती. घरातले जेवायला बसले होते. भिंगरीचं आधीच भरवून झालं होतं, ती परसात होती. स्वयंपाकघराचं दार माझ्यासमोरच आहे, म्हणून मला सगळं ऐकू येत होतं. आई म्हणाली की टाकीतलं पाणी रोज कुठे जातं कळत नाही, वाफ्याचा तर चिखल झालाय.

बाबाने काकाला विचारलं, "नवी जाळी नीट बसलीय ना? कुठून आणलीस?"

"मी कुठे आणली?" काका म्हणाला. "तू बसवलीस ना, दादा?"

"मी आलो तेव्हा सगळं झाकलेलं होतं."

मग तिघांच्या खुर्च्या एकदम सरकल्या. ते दारात आले तेव्हा भिंगरीचा एक पाय जाळीवर होता आणि दुसरा प्लॅस्टिकवर. ती डबक्यातून गोटे वेचत होती. बाबाने हाक मारायला तोंड उघडलं. आईने त्याच्या तोंडावर हात दाबला. हाक मारली की भिंगरी उडी मारते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

काका पायऱ्या उतरला. धावला नाही. गवतावर आला आणि पालथा झोपला, लहान मुलं झोपतात तसा, हनुवटी जमिनीला टेकवून. सरकत सरकत माझ्याजवळ आला. त्याचा चेहरा हसरा होता आणि कपाळावरून घाम डोळ्यांत जात होता.

"भिंगरे," तो अगदी हळू म्हणाला, "मला एक गोटा देतेस?"

"नाई. माजा."

"तुझाच. मी लगेच परत देतो."

तिने विचार केला. मित्रांनो, त्या मुलीने जेवढा विचार केला, तेवढ्यात माझं आख्खं आयुष्य गेलं. पट्टी कुरकुरली. मग तिने हातातला ओला गोटा पुढे केला. काकाने एका हाताने गोटा घेतला, दुसऱ्याने तिचं मनगट धरलं आणि एका हिसक्यात तिला स्वतःवर ओढलं. तिच्या पायाखाली पट्टी मोडली. प्लॅस्टिक गेलं, गोटे गेले, तिची एक चप्पल गेली. डुबुक, डुबुक करत सगळं खाली गेलं, आणि शेवटचा गोटा तळाला लागेपर्यंत कुणी हललं नाही.

आई पायरीवरच बसली. बाबाने जाऊन पंप बंद केला, मग आई आणि काकाच्या मध्ये उगाच उभा राहिला. कुणी कुणाला रागावलं नाही. भिंगरी काकाच्या अंगावर बसून त्याची मूठ उघडायला बघत होती, तिला तिचा गोटा परत हवा होता.

काका आभाळाकडे बघत म्हणाला, "दादा, मी फार छान झाकलं होतं रे."

हे ऐकून बाबाही त्याच्या शेजारी गवतावर बसला.

त्याच दिवशी त्यांनी टाकी उपसून रिकामी केली आणि कोपऱ्यावर जाड फळ्या ठोकल्या. फळ्यांवर काकाने लाल रंगाने एवढी मोठी फुली मारली. मी फार कुरूप दिसत होतो. घोरणारे आजोबा कुंपणावरून म्हणाले, काय हे ध्यान करून ठेवलंय! काका म्हणाला, असंच दिसायला हवं, काम बाकी आहे. नंतर जाड जाळी आली, दोघांनी एकत्र बसून बसवली, दोघांनी तिच्यावर उभं राहून बघितलं, आणि मगच गोटे टाकले. आजही काका कुणाच्या घरी अर्धं काम सोडून निघतो तेव्हा ते उघडं ठेवतो. काही घरमालक कुरकुरतात. कुरकुरू देत.

मित्रांनो, तुम्ही माझं शेवाळ घासलं नाहीत तरी चालेल. माझं कौतुक केलं नाहीत तरी मी रुसणार नाही. एवढंच करा, जे मोडलंय ते मोडकंच दिसू द्या, आणि जे झालेलं नाही, ते कुणाचं राहिलंय हे एकमेकांना तोंडाने विचारा. दगडाला विचारू नका. त्याला सगळं ठाऊक असतं आणि बोलता येत नाही.

फळ्या ठोकल्या त्याच्या दुसऱ्या दिवसाचं तेवढं सांगायचं राहिलं. सकाळी भिंगरी धावत आली, दोन्ही पायांत वेगवेगळ्या चपला. बघते तर तिचं डबकं नाही, तिची जागा नाही, नुसत्या फळ्या. तिने फळ्यांवर हात आपटले, पाय आपटले, आणि मग जमिनीवर लोळून जे भोकाड पसरलं, ते चार घरं पलीकडे ऐकू गेलं असेल. आई दारात उभी राहून ऐकत होती. तिने तिला उगी केलं नाही. मीही कोरडाठाक उभा राहून ते रडणं शेवटपर्यंत ऐकलं, आणि किती दिवसांनी मला जरा शांत वाटलं.