डिकीतून ऐकलेली सहल

“करुणा, ही खुर्ची लेकरापासून लांब ठिवू देऊ नको कुणाला. खुर्ची लांब गेली की लेकरू ठिवलं तिथंच राहतंय.”

मित्रांनो, मला घरात आणलं त्याच दिवशी भामाबाई सुनेला हे म्हणाल्या होत्या. करुणाताई हसल्या. “आई, तुम्ही लई काळजी करता. शाळेत सगळे जीव लावतात सम्यकला.”

मी ती खुर्ची. चाकांची, आता जुनी झालेली. माझं निळं रेक्झिन कडेला उसवलंय, उजवं चाक कुरकुरतं. कुठल्या कारखान्यात मला घडवलं ते अंधूकच आठवतं. नीट आठवतं ते गुलमंडीच्या बाजारपेठेजवळचं दुकान. सम्यकचे पाय त्याला साथ देत नव्हते, पण हातांत भारी जोर. बसल्याबसल्या त्यानं मला गर्रकन फिरवलं आणि थेट काउंटरला धडकवलं.

शाळेत माझं कौतुक झालं. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. त्याच्या वर्गातली मोनिका तर रोज फाटकात उभी असायची. “आला का नवरदेव वरातीतून?”

“तू घोडी हो, मग येतो!” सम्यक ओरडायचा.

पुढे कौतुक ओसरलं. मी मधे येते म्हणून मला जिन्याखाली ठेवू लागले. माझी घडी घालायला सगळे चटकन शिकले. उघडायला मात्र कुणाला वेळ नसायचा. वाईट कुणीच बोललं नाही. जे केलं ते सम्यकला त्रास नको म्हणून. त्या ‘त्रास नको’ची मला हळूहळू धास्ती वाटू लागली.

फेब्रुवारीत वेरूळची सहल निघाली. सम्यकला दगडातला हत्ती बघायचा होता, आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता. मला घडी करून बसच्या डिकीत टाकलं. वेरूळला मुलं उतरली, दंगा लांब गेला, पण डिकी काही उघडली नाही. वरून वर्गशिक्षिका सुरेखा मॅडमचा मायेचा आवाज आला. “तिथं पायऱ्या आहेत रे राजा. तू इथंच बस सावलीत. फकिराभाऊ आहेत सोबतीला.”

“मॅडम, जमेल तिथपर्यंत तर न्या ना.”

“उगाच त्रास होईल तुला.”

ड्रायव्हर फकिरा थोडा वेळ बसला. मग म्हणाला, “पोरा, जेवून येतो. दप्तरं उचलतेत लोकं, म्हणून कुलूप लावतो. भिऊ नको, हा आलोच.”

गाडी एसीची, काचा न उघडणाऱ्या. एसी बंद.

सावली सरकली. डिकीचा पत्रा तापू लागला. वर सम्यक हाका मारत होता. मग माझ्या डोक्यावर धप्पकन आवाज झाला. त्यानं सीटवरून अंग खाली सोडलं होतं आणि तो दाराकडे सरपटत निघाला होता. मी त्याच्याखाली, मधे फक्त एक पत्रा. दारावर थापा पडल्या. मग थांबून थांबून पडल्या. मग पडायच्या थांबल्या.

तिकडे मॅडमनी मुलं मोजली, हे मोनिकानं नंतर सांगितलं. “सगळे आले का?” “हो मॅडम!” मोजणी बरोबर आली. सम्यकला त्यात धरलंच नव्हतं.

मोनिका तेवढी रांगेतून निसटली. त्याच्यासाठी घेतलेली बोरं मुठीत धरून ती बसकडे पळत आली, काचेला नाक लावलं, आणि तिनं अशी किंकाळी फोडली की फकिरा जेवण टाकून, किल्ली घेऊन धावत आला.

सम्यक वाचला. दवाखान्यात सलाईन लावलेला त्याचा हात धरून करुणाताई बसल्या होत्या. शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, “आई, माझ्यामुळं सहल बिघडली का गं?”



इथं सगळं संपलं असतं तर बरं झालं असतं, मित्रांनो. शाळेला फार वाईट वाटलं. इतकं, की सम्यकला आता कुठंच न्यायचं नाही असं ठरलं. सहलीला नाही, मैदानावरही नाही. जोखीम नको.

परवा तो डबा विसरला म्हणून करुणाताई शाळेत आल्या. खेळाचा तास चालू होता. मैदान पोरांनी गजबजलेलं, मी जिन्याखाली, आणि समोरच्या वर्गाला बाहेरून कडी. दप्तरं चोरीला जाऊ नयेत म्हणून.

करुणाताईंनी कडी काढली. आत सम्यक एकटाच.

“पाणी आणलंस का गं?” त्यानं विचारलं. त्याची बाटली रिकामी होती.

करुणाताईंनी मला इतक्या घाईनं उघडलं की त्यांचं बोट माझ्या सांध्यात चेमटलं. सम्यकला बसवून त्यांनी मला मैदानाच्या मधोमध नेलं. “मॅडम, आत माणूस असताना बाहेरून कडी लागते कशी?” त्या विचारत राहिल्या. सुरेखा मॅडम वर बघेनात. मोनिका तेवढी म्हणाली, “काकू, द्या इकडं, आमच्यात एक गडी कमीच आहे.”

मित्रांनो, ही एका वर्गाची कडी निघाली. तुमच्याही शाळेत खेळाचा तास असतो, सहल असते, कवायत असते. तेव्हा मागं कोण राहतं, हे तुम्हांला नावानिशी ठाऊक आहे. त्याला कशाचा त्रास होईल, हे तुम्ही ठरवू नका. घंटा होईपर्यंतही थांबू नका. आत्ताच जा, दार ढकलून बघा, तो बरा आहे ना. आणि त्यालाच विचारा, यायचंय का.